दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि चिवट जंतू

नेऱ्याच्या शांतिवनामुळे पनवेलकरांना कुष्ठरोगाच्या जंतूची ओळख करून द्यावयास नको. त्याचेच काही भाऊबंद नळाच्या पाण्यात वास करतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची नाजूक उपकरणे पुष्कळदा ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवतात. सांध्यांत रक्त राहिले, अथवा शेवटी ती नळाच्या पाण्याने विसळली, की मेणचट कवचाचे हे जंतू जखमेत शिरू शकतात. ब्राझीलमध्ये तर ते २ टक्के द्रावणालाही पुरून उरले! मुंबईतील डॉक्टरांनीही २००१ साली अशा लागणीची नोंद प्रसिद्ध केली. भरलेली जखम काही आठवड्यांनी पुन्हा पाझरते. नेहमीची औषधे निरुपयोगी ठरतात. उपकरण सुटे करून घासणे व दाबाच्या वाफेत ठेवणे, हे काम शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे. ते करणाऱ्या कर्मचाऱ्याची मात्र क्वचितच विचारपूस होते. टाका वाहू लागल्यास रुग्णाने शस्त्रक्रियेची तारीख सांगून पू तपासून घ्यावा.