आडनाव किती घरांचे, किती दिवसांचे?



मतदारयादी उघडली की कांबळे, गायकवाड, जाधव यांची पानेच्या पाने लागतात. पण आडनाव एक म्हणून कूळ एक, असे नाही. गायकवाड, जाधव मराठ्यांतही आहेत आणि आपल्यातही. आडनाव चालते मुलग्यांमागे. ज्या घरी मुलीच, तिथे रक्त पुढे जाते, आडनाव मात्र थांबते.

बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे. १९०० साली सातारच्या शाळेत नाव लागले आंबेडकर. सकपाळांचे एक घर यादीतून कमी झाले, माणसे तीच राहिली!

आज आपली काही पोरं राजपत्रात जाहीर करून आडनाव बदलतात. भाड्याची खोली मिळावी, नोकरीत कुणी जात हुंगू नये म्हणून. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. बदलायला हवी ती हुंगणाऱ्याची नजर. मात्र जुना धागा तुटू देऊ नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदावर आईचेही नाव लागते. मग आजीच्या माहेरचे आडनाव का विसरावे? म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजच वहीत उतरवून ठेवा.

जयभीम!