जुना लॅपटॉप लगेच मोडीत काढू नका

आमच्या गटाचा लॅपटॉप सुरू होईस्तोवर चहा उकळून व्हायचा. नवा घ्यायचा तर बचतीला हात लागणार होता. दुरुस्तीवाल्या दादांनी उघडून पाहिला. दोष जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचा निघाला. तिच्या जागी एसएसडी बसवली, ४ जीबीची रॅम ८ केली. आता मिनिटाच्या आत उघडतो.

तुम्हीही आधी विचारा, रॅम वाढवता येते का? काही लॅपटॉपांत ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते. दुकानात देण्याआधी गटाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि काढलेली जुनी डिस्क आठवणीने परत मागा. तिच्यात आपल्या बायांचे आधार आणि बँक खात्यांचे नंबर असतात.