दलालाची पत

‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. घर घ्यावयाचे ठरले की जो तो दलालाचा शोध करू लागतो. आणि व्यवहार पुरा होऊन दलाली देण्याची वेळ आली की त्याच माणसाचा हात आखडतो. ‘त्याने केले तरी काय? दोन वेळा कुलूप काढून जागा दाखविली, एवढेच ना?’ असा प्रश्न मग घरोघर निघतो. या प्रश्नाला ज्याच्याजवळ चोख उत्तर आहे, त्या दलालाचा धंदा टिकतो. ज्याच्याजवळ ते नाही, त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाशी नव्याने भांडावे लागते.

हा शब्द ज्या अरबी धातूपासून निघाला आहे, त्याचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. दलाल म्हणजे मुळात वाटाड्या. अनोळखी रानात वाटाड्याची किंमत का असते? तो चालतो म्हणून नव्हे. खड्डा कोठे आहे हे त्याला ठाऊक असते म्हणून. जागेच्या व्यवहारातही असेच आहे. सामान्य गृहस्थ आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेतो. त्यासाठी तो भविष्यनिर्वाह निधी काढतो, पत्नीचे दागिने गहाण ठेवतो, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. दलाल मात्र असे व्यवहार वर्षातून कित्येकदा पाहतो. एकाला सर्व ठाऊक आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा स्थितीत जाणत्यावर जी जबाबदारी येते, तीच या धंद्याची खरी जोखीम होय.

या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या तरुणाने पहिली विद्या संपादन करावी ती कागदाची. जिभेची गोडी त्यानंतर. जमिनीचे कागद प्रांतोप्रांती निराळे. महाराष्ट्रात सातबारा, फेरफार आणि शहरात मालमत्ता पत्रक, बडोद्याकडे सातबाराबरोबर आठ-अ, बेळगावकडे आर.टी.सी.चा उतारा, इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा आणि खतौनी, गोव्यात एक-चौदाचा उतारा, हैदराबादेत बोजाचा दाखला पाहिल्याखेरीज शहाणा माणूस पुढे सरकत नाही. शिवाय हे ज्ञान एकदा मिळविले म्हणजे जन्माला पुरले असेही होत नाही. तेलंगणात २०२० साली जमिनीच्या नोंदींसाठी ‘धरणी’ ही व्यवस्था आली आणि २०२५ मध्ये तिच्या जागी ‘भू भारती’ आली. जो दलाल जुन्याच वाटेने चालत राहिला, तो स्वतः चुकला आणि मागून येणाऱ्यालाही चुकविता झाला.

कागद का वाचावयाचा, हे एका कल्पित परंतु नित्य घडणाऱ्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, म्हापशाच्या आसपास एक जुने कौलारू घर विकावयाचे आहे. किंमत ठरली बेचाळीस लाख. घेणारा एक निवृत्त कारकून. दलाल नवखा तरुण. दोन टक्क्यांच्या हिशेबाने त्याला चौऱ्याऐंशी हजार रुपये मिळावयाचे आहेत, आणि गेल्या चार महिन्यांत त्याचा एकही व्यवहार झालेला नाही. उताऱ्यावर नाव थोरल्या भावाचे आहे. तो सही करावयास तयार आहे. कारकून विसार देण्यास उतावीळ झाला आहे.

पण घर मूळचे वडिलांचे. त्यांच्या पश्चात वारसांमध्ये वाटणीची इन्व्हेंटरी झालेली नाही. एक भाऊ कुवेतला असतो, एक बहीण मुंबईस दिली आहे. शिवाय गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून स्थावर विकताना विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती आणि सही लागते. म्हणजे तीन भावंडे आणि त्यांचे जोडीदार, असे सहाजण त्या एका घराशी बांधलेले आहेत. परसात एक मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या राहत असला, तर १९७५ च्या कायद्याने त्यालाही संरक्षण आहे. थोरला भाऊ म्हणतो, ‘त्यांच्या सह्या मागाहून आणून देतो. घरचीच माणसे आहेत.’ तो खोटे बोलतो असे नाही. त्याला मनापासून तसे वाटतही असेल.

त्या क्षणी दलालाची परीक्षा असते. तो गप्प राहिला तर चौऱ्याऐंशी हजार जवळ आहेत. तो बोलला तर व्यवहार मोडण्याचा संभव आहे. बोलणे हेच त्याचे काम, कारण उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, ही गोष्ट त्या खोलीत त्याला एकट्याला माहीत आहे. कारकुनाला ती कळेल तेव्हा पैसे गेलेले असतील आणि हाती कोर्टाची तारीख उरलेली असेल.

दुसरी विद्या मोजमापाची. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे हिशेब पक्के आहेत. परंतु बिघ्याचे माप प्रांतागणिक बदलते. म्हणून बिघ्यात ठरलेली जागा चौरस मीटरमध्ये मोजून कागदावर आणावी. सदनिकेत तर याहून अधिक सावध असावे. जाहिरातीत हजार चौरस फूट लिहिलेले असते, आणि भिंती, जिने, सज्जे वजा जाता आत वापरण्याची जागा सातशेवीस फूट भरते. किंमत साठ लाख असेल तर गिऱ्हाइकाला वाटते, दर सहा हजार पडला. वास्तविक तो आठ हजार तीनशेच्या वर गेलेला असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची व सज्जा त्यात धरावयाचे नाहीत. आतल्या विभाजक भिंती मात्र धरावयाच्या. गिऱ्हाइकासमोर हा हिशेब दलालाने आपण होऊन मांडावा. विचारल्यावर दिलेल्या उत्तरापेक्षा न विचारता दिलेल्या माहितीचे वजन अधिक असते.

याच कायद्याने दलालालाही प्रथमच रीतसर स्थान दिले. नोंदणी झालेल्या प्रकल्पातील जागा विकावयास साहाय्य करणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी केली पाहिजे, हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला हात लावता कामा नये, आणि गिऱ्हाइकाला हक्काचे सर्व कागद मिळवून दिले पाहिजेत. नोंदणीवाचून धंदा करणाऱ्यास दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ पासून दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक करण्यात आली. कित्येकांना हा जाच वाटला. परंतु वैद्याला आणि वकिलाला परीक्षा द्यावी लागते, त्यात त्यांचा अपमान होत नाही. उलट त्यानेच त्यांची पत वाढते.

जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीला यातील बरेच नियम लागू होत नाहीत. तेथे १८७२ चा करारांचा कायदा आहे, आणि तो वाचण्याचे कष्ट फार थोडे दलाल घेतात. मालकाच्या संमतीवाचून मध्यस्थाने त्याच व्यवहारात स्वतःचा छुपा व्यापार केला, तर त्यातील लाभ मालक मागू शकतो. ज्या कामात मध्यस्थाने गैरवर्तन केले, त्या कामाचा मेहनताना त्याला मिळत नाही. आणि निराळा करार नसेल, तर काम पुरे झाल्याखेरीज मेहनताना देय होत नाही. म्हणून दलाली किती, कोणाकडून, केव्हा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. दोन्ही बाजूंकडून घ्यावयाची असेल, तर दोघांनाही तसे सांगावे. तोंडी ठरलेली दलाली चहाबरोबर गोड लागते आणि खरेदीखताच्या दिवशी कडू होते.

आता रोजच्या कामाच्या काही गोष्टी. दाखवावयाची जागा दलालाने आधी स्वतः एकट्याने पाहावी. सकाळी एकदा, रात्री एकदा आणि शक्य तर भर पावसात एकदा. नळाला पाणी किती वाजता येते, रस्त्यावर पाणी तुंबते काय, शेजारी गिरणी आहे की शाळा, हे वहीत टिपून ठेवावे. गिऱ्हाइकाला दहा जागा दाखवून थकविण्यापेक्षा त्याचे म्हणणे अर्धा तास ऐकून तीन दाखवाव्या. घरात म्हातारे माणूस असेल तर तिसऱ्या मजल्याचे कौतुक सांगू नये. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ ही धमकी खरी असेल तरच उच्चारावी. रोखीचा मोह दोघांनाही दाखवू नये. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकराच्या कायद्याने बंदी आहे. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर जागा विकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

या धंद्याची मिळकत पावसासारखी आहे. येते तेव्हा एकदम येते, आणि मग आभाळ कोरडे. म्हणून एका व्यवहाराचा पैसा सहा महिन्यांचा समजून खर्च करावा. ज्याच्या घरात पुढल्या महिन्याचा शिधा नाही, त्याला सत्य सांगणे फार जड जाते. काटकसर हा दलालाच्या प्रामाणिकपणाचा पाया आहे, असे म्हटले तरी चालेल. रिकाम्या महिन्यांत निराश होऊन बसण्यापेक्षा नोंदणी कार्यालयात जावे, नकाशे वाचावयास शिकावे, जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस करावी.

त्या म्हापशाच्या घराचे पुढे काय झाले असेल? तरुणाने खरे सांगितले. कारकुनाने विसार दिला नाही. थोरला भाऊ रागावून गेला. चौऱ्याऐंशी हजार गेले. चांगुलपणाचे फळ प्रत्येक वेळी हाती पडते, असे सांगणे हे आणखी एक खोटे आश्वासन होईल. ते पडतेच असे नाही. परंतु गाव लहान असते. शुक्रवारच्या बाजारात तो कारकून त्याला पुन्हा भेटेल. त्या वेळी दोघांपैकी कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही. ‘त्याने केले तरी काय?’ असे कोणी विचारले, तर उत्तर तो कारकूनच देईल.