बंबातील पाण्याचा जमाखर्च



आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे अधिकारी. शास्त्रीय विषयावर आम्ही बोलावे हे धाडसच होय. परंतु विषय तांब्याच्या बंबाचा आहे. खमरियाचे क्वार्टर सोडताना तो मोडीत घालावा की पुण्या-नागपूरच्या फ्लॅटात न्यावा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे उभा राहतो.

बंब म्हणजे एकात एक बसविलेली दोन नळकांडी. आतल्यात विस्तव, दोहोंच्या मध्ये पाणी. आतल्या भिंतीलगतचे पाणी तापते, हलके होते व वर चढते. बाहेरच्या भिंतीशी थोडे निवून खाली उतरते. म्हणून वर कढत, तळाशी कोमट. काही बंबांत गार पाणी ओतावयाची नळी तळापर्यंत नेलेली असते, ती याचसाठी. ती बसविणाऱ्या तांबटाने हे कोणत्या ग्रंथात वाचले असेल, असे वाटत नाही.

आजचे अभियंते हेच पाणी संगणकावर मांडतात. पाण्याची बारीक बारीक कडी कल्पावयाची आणि प्रत्येक कड्याचे खाते उघडावयाचे: आरंभीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च. एक खाते पाण्याचे, एक गतीचे, एक उष्णतेचे, एक क्षाराचे. क्षणाक्षणाला सर्व खाती जुळवीत पुढे जावयाचे. बाहेरचे कडे आतल्यापेक्षा मोठे, म्हणून तीच उष्णता तेथे अधिक जागेवर पसरते. गोल भांड्याचा हिशेब चौकोनी हौदाहून निराळा होतो तो यामुळे. आतले नळकांडे फिरते ठेवले तर पाण्यात मेदूवड्यांसारखे भोवरे एकावर एक रचले जातात. जी. आय. टेलर यांनी १९२३ साली हे गणिताने आणि प्रयोगाने, दोन्ही अंगांनी दाखविले; तेव्हा संगणक नव्हता!

क्षाराचे खाते मात्र गृहिणींच्या ओळखीचे आहे. जड पाणी तापले की चुन्याचा थर सर्वांत तप्त अशा आतल्या भिंतीवर बसतो. भेडाघाटच्या संगमरवराच्याच कुळातला हा पदार्थ. तांब्याच्या मानाने तो उष्णता शेकडोपटींनी कमी वाहतो. मग सरपण वाढते आणि पाणी तापावयास वेळ लागतो. गीझरच्या कांबीवरही हेच घडते. चिंचेतील आम्ल हा थर विरघळविते, एवढे रसायन आपल्या आज्यांना अवगत होते.

आमचा बंब आम्ही मोडीत घालणार नाही. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी त्यात तीन उंचींवर तापमापक सोडून पाहावेत आणि आपला संगणकी हिशेब त्याच्याशी ताडावा. रिकामा बंब मात्र कोणी पेटवू नये. पाणी नसले की उष्णता नेणारे कोणी उरत नाही, आणि सांधे सुटतात.