ताडोबाला जायचंय, तर…

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या गमतीजमती’ असा विषय दिला होता. पण काल रात्री जेवताना पुढचा मेळावा ताडोबाला करायचं ठरलं, आणि मी तिथे दरवर्षी जाते हे कळल्यावर विषय बदलला. वक्तृत्व स्पर्धेत वेळेआधी घंटा वाजवणारे सर समोरच बसलेत, तेव्हा लगेच मुद्द्यावर येते.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे आणि भोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, शाळा आहेत आणि वाघही आहेत. जंगलाला नाव मिळालं ते तारू या गोंडांच्या देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख, अशी आख्यायिका आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघांचं जंगल ओळखलं जातं, हे मला फार आवडतं.

आता माझ्या धंद्याच्या जवळचा भाग. वाघ मोजतात कसे? पूर्वी पायाचे ठसे काचेवर गिरवून घ्यायचे. त्या पद्धतीने २००२ साली देशात ३,६४२ वाघ निघाले. दोन-तीन वर्षांत राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि मोजणीवरचा विश्वासच उडाला. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, नवी पद्धत आली आणि २००६ च्या मोजणीचा आकडा निघाला १,४११. मोजण्याची रीतच बदलल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नसते. पण कागदावरचे वाघ आणि जंगलातले वाघ वेगळे असू शकतात, एवढं तेव्हा सगळ्यांना कळलं.

२०१८ च्या मोजणीत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले जवळपास साडेतीन कोटी. त्यांत वाघाचे ७६,६५१, म्हणजे हजारात जेमतेम दोन! बाकी चितळ, सांबर, गाई-गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. एक सॉफ्टवेअर प्राण्यांप्रमाणे फोटो वेगळे करतं, दुसरं वाघाचे पट्टे जुळवतं. आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. डावी आणि उजवी कूसही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. टेस्टिंगवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात असं काम आहे हे.

पण ही सगळी हुशारी कॅमेऱ्यातलं कार्ड हातात आल्यानंतरची. ते कार्ड आणायला वनरक्षक आणि वनमजूर चालत जातात. कॅमेरे लावण्याआधी विष्ठा, ठसे, ओरखडे यांची नोंद करायलाही तेच चालतात, बहुतेकदा हातात काठी घेऊन. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात अशाच मोजणीच्या कामावर निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. महाराष्ट्रात ४४४ वाघ, हा त्याच मोजणीतला आकडा. बातमीत तो वाचून आपण खूश झालो होतो. मी तरी आता तो आकडा त्यांचं नाव घेतल्याशिवाय सांगत नाही.

गावांचंही तसंच. कोलसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी इथली कुटुंबं गाभ्यातून बाहेर पुनर्वसित झाली. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर आता गवत आहे, चितळ-गवे चरतात आणि आपण तिथे गाडी थांबवून फोटो काढतो. मोबदला मिळाला हे खरं. घराची किंमत त्यात बसली का, हे आपण ठरवू नये. बफरमधली माणसं अजून तिथेच आहेत. मोहर्लीच्या एका गाइडताई मला सांगत होत्या, की मोहाच्या दिवसांत घरचे पहाटे फुलं वेचायला जातात, तेव्हा वाघ दिसू नये म्हणून त्या हात जोडतात. आणि तासाभराने पर्यटकांच्या गाडीत बसल्या की वाघ दिसावा म्हणून! हसत हसत सांगत होत्या, पण मला हसू आलं नाही.

तर, आपल्या सहलीबद्दल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गेला होता आणि काही महिने गाभ्यातलं पर्यटन बंदच होतं. नंतर नियम आले : गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन, आणि गाड्यांची संख्या ठरलेली. त्यामुळे ‘ओळखीने एक गाडी आत सोडा’ असे फोन कृपया कोणी करू नका. आपल्यात दोघंतिघं मोठे साहेब आहेत, त्यांच्याकडे बघूनच बोलतेय. मंगळवारी उद्यान बंद असतं, जुलै ते सप्टेंबर गाभाही बंद. मोबाईल आत नेता येत नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. ड्रायव्हरला जादा पैसे देऊन ‘अजून जवळ घे’ म्हणायचं नाही. वाघाची वाट गाड्यांनी अडवल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, आणि तसं झालं की दंड आणि बंदी गाइड-ड्रायव्हरवर येते. त्यांचं घर त्याच्यावर चालतं.

माझं सुचवणं असं : एक फेरी गाभ्यात, एक बफरमध्ये आणि मुक्काम गावातल्या एखाद्या घरी. प्रवेशशुल्क व्याघ्र प्रतिष्ठानाकडे जातं, मुक्कामाचे पैसे थेट गावात. पंचतारांकित रिसॉर्ट नको, यावर मी मतदानालाही तयार आहे.

एका जिप्सीत सहा जण बसतात. आरक्षणाला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, ते जेवणानंतर माझ्याकडे द्या. कंबरदुखीवाल्यांनी आत्ताच सांगा, मागच्या उंच सीटवर धक्के फार बसतात. बाईंसाठी पुढची जागा मी राखून ठेवलेली आहे.