सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन : अर्ज, अपील आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आज आम्ही जो विषय मांडणार आहोत तो रूक्ष आहे. त्यात नियम आहेत, मुदती आहेत, टक्केवारी आहे. परंतु बँकेत पेन्शनचे काम पाहताना आम्हाला वारंवार असे माजी सैनिक भेटतात, ज्यांच्या घरातील पत्र्याच्या पेटीत एक नकाराचे पत्र वर्षानुवर्षे घडी करून ठेवलेले असते. ते पत्र इंग्रजीत असते. घरात ते कोणी नीट वाचलेले नसते. ‘सरकारने नाही म्हटले’ एवढेच कळलेले असते. त्या घडीतल्या पत्राबद्दल आपल्याला बोलायचे आहे.

आपल्या समाजाचे सैन्याशी नाते जुने आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या महार शिपायांची आठवण आपण दरवर्षी ठेवतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. पुढे सैन्याचे दरवाजे आपल्याला बंद झाले, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांना निवेदन पाठविले. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे अशा कित्येक अर्जांची शाई आहे. ज्या समाजाने सैन्यात शिरण्यासाठी अर्ज लिहिले, त्याच समाजातील जवान सैन्यातून जखमी किंवा आजारी होऊन परतल्यावर अर्ज लिहायला कचरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले अपंगत्व असेल आणि वैद्यकीय मंडळाने ते २० टक्के किंवा अधिक ठरविले असेल, तर जवान अपंगत्व निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. त्याचे दोन भाग असतात : सेवेचा अंश आणि अपंगत्वाचा अंश. वैद्यकीय कारणाने मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यालाच हे मिळते, असा समज खेडोपाडी आहे. तो चुकीचा आहे. मुदत पूर्ण करून कमी वैद्यकीय श्रेणीत निवृत्त झालेल्यालाही अपंगत्वाचा अंश मिळू शकतो.

नकाराच्या पत्रात बहुधा एकच वाक्य असते : आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, तो ‘प्रकृतीचा’ आहे. मधुमेह, रक्तदाब, फेफरे, मानसिक आजार यांबाबत हे वाक्य हमखास दिसते. दुःखाला कारण असते, अशी आपल्या धम्माची शिकवण आहे. येथेही सारा वाद कारणाचाच आहे. प्रश्न इतकाच, की कारण सिद्ध कोणी करायचे?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिले. धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले. तेव्हा त्यांना कोणताही आजार असल्याची नोंद नव्हती. फेफऱ्यामुळे १९९४ मध्ये त्यांना सेवेतून काढले, अपंगत्व २० टक्के ठरविले आणि पेन्शन नाकारले. न्यायालयाने १९८२ च्या पात्रता नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असेच मानायचे. पुराव्याचा भार जवानावर नाही. रास्त शंका असेल तर तिचा फायदा जवानाला द्यायचा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता, असे मंडळाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. त्याआधी १९९३ मध्ये मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात, जवानाला न तपासता केवळ कागदावरून वैद्यकीय मंडळाचे मत लेखा कार्यालयाने फिरवू नये, असे न्यायालयाने सांगितले होते.

याचा अर्थ प्रत्येक दावा मंजूर होतो असा नाही. रजेवर असताना घडलेल्या आणि सेवेशी काहीही संबंध नसलेल्या अपघाताचे दावे न्यायालयांनी फेटाळलेही आहेत. तसेच २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपले कागद त्या नियमांप्रमाणे तपासून घ्यावेत. आधी निवृत्त झालेल्यांना मात्र ते नियम लागू नाहीत. कोणी तसे सांगून परत पाठवत असेल तर ते ऐकू नये.

आता थोडा हिशेब, कारण तो आमचा रोजचा व्यवहार आहे. २०१६ नंतरच्या सूत्राप्रमाणे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पेन्शनयोग्य वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. वेतन ४०,००० रुपये धरले तर १२,००० रुपये. २० टक्के अपंगत्वाला त्याच हिशेबाने २,४०० रुपये होतील. परंतु ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १०० टक्के धरावे, असा नियम १ जानेवारी १९९६ पासून आला. म्हणजे २,४०० ऐवजी ६,००० रुपये, शिवाय महागाईची वाढ. हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असे १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात ठरले. दरमहा ३,६०० रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला ४३,२०० रुपये. एका विद्यार्थ्याचे वसतिगृह त्यात भागते.

मार्ग पुढीलप्रमाणे आहे. प्रथम कागद गोळा करा : डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, पी.पी.ओ. आणि नकाराचे पत्र. अहवाल हाती नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अभिलेख कार्यालयाकडे मागा. महार रेजिमेंटचे हे कार्यालय मध्य प्रदेशात सागर येथे आहे. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. तेही फेटाळले तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे. मुदत टळली असेल तर उशिराचे कारण लिहून माफीची विनंती जोडा. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही, तरी तेथे जाता येते. वकील देता येतो, स्वतःही बाजू मांडता येते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

उशीर झाला म्हणून धीर सोडू नये. पण उशीर महाग पडतो. २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात न्यायालयाने थकबाकी दावा दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. बाकीची वर्षे गेली ती गेली.

अपिलाच्या भाषेबद्दल एक सांगतो. ‘मायबाप सरकार, गरिबावर दया करा’ अशी वाक्ये लिहू नका. भरतीची तारीख, तेव्हाची वैद्यकीय श्रेणी, कोणकोणत्या ठिकाणी नेमणूक झाली, आजाराचे पहिले लक्षण केव्हा दिसले, कोणत्या लष्करी रुग्णालयात दाखल केले, मंडळाने किती टक्के लिहिले आणि नकाराला काय कारण दिले, एवढे क्रमाने लिहा. प्रत्येक ओळीला कागदाचा आधार द्या. पावती जपून ठेवा. टक्केवारीवर काम करून देणाऱ्या दलालाला मूळ कागद देऊ नका आणि मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. कोणालाही सांगू नका.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमच्यासाठी आहे. तुम्हाला इंग्रजी वाचता येते, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो. आमची सूचना अशी, की संस्थेने वस्तीवार माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची एक नोंदवही करावी, आणि प्रत्येक घरी दोन विद्यार्थ्यांनी जाऊन ते नकाराचे पत्र उघडून वाचावे. तारीख पाहावी, कारण पाहावे, ते मराठीत समजावून सांगावे. सगळीच अपिले जिंकली जातील असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्याला नकार का मिळाला, हे न कळताच एखादा म्हातारा जवान जगाचा निरोप घेतो, एवढे तरी यापुढे घडू नये. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वांत आधी ठेवला. शिकलेल्याने न शिकलेल्याचा कागद वाचून दाखविणे, हा त्या शब्दाचा अगदी साधा अर्थ आहे.

नोंदवही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. जाताना पहिले नाव कोण लिहितो ते पाहू.

जयभीम! नमो बुद्धाय!