मानेच्या कातडीखाली

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी विच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहावं लागतं. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं. तिथे असो की राज्यातल्या नव्या महाविद्यालयांत, हा अभ्यास कुणाला चुकत नाही. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, वास अंगाला चिकटतो. मग हा खटाटोप कशासाठी? गोठ्यातल्या जित्या जनावरासाठी.

मानेचंच पाहा. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक खोबण असते. तिथली मोठी शीर इंजेक्शनसाठी सोयीची. पण तिच्या आतल्या बाजूला मेंदूकडे रक्त नेणारी धमनी असते. घोड्याच्या मानेत वरच्या अर्ध्या भागात दोघींच्या मध्ये स्नायूचा पडदा असतो, खाली तो नसतो. म्हणून सुई वरच्या भागात टोचायची. औषध चुकून धमनीत गेलं, तर ते थेट मेंदूत पोचतं आणि जनावर झटके देत कोसळू शकतं.

अन्ननलिका मानेत डावीकडे सरकलेली असते. आंब्याची कोय किंवा बटाटा मानेत अडकला, तर गाठ डाव्या अंगाला चाचपायची, ती यासाठी.

शिंगाची गोष्ट आणखी नवलाची. वासराचं शिंग आतून भरीव असतं. जनावर मोठं होताना कपाळातली पोकळी शिंगात शिरते. मोठ्या बैलाचं शिंग मुळाशी मोडलं, की जखम थेट कपाळात उघडते. बैल वारंवार डोकं झटकतो, शिंग घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, तेव्हा शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी ती याच रचनेमुळे.

आणि शेवटची गोष्ट प्रत्येक पशुपालकाने ध्यानात ठेवावी. गाय लाळ गाळते, गिळत नाही, की घरचा माणूस 'काहीतरी अडकलंय' म्हणत तोंडात हात घालतो. पण पिसाळलेल्या जनावराच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हाही नेमकं असंच दिसतं. विषाणू लाळेत असतो, हाताला बारीकशी खरचटही पुरते. हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा. लाळ लागलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही.